छत्रीआडचे भाऊजी

मनमाडपासून इगतपुरीपर्यंतच्या उभ्या-आडव्या नाशिक जिल्ह्यात स्वतःबद्दलची माहिती सर्वांत कमी सांडणारा माणूस कोण, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या साडूंकडे बोट दाखवीन. नाव मात्र सांगणार नाही; त्यांच्याकडून दुसरं काही नाही तरी एवढं मी शिकलो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, ते यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजी म्हणू लागलो, आणि पुढे आमची मुलंही त्यांना भाऊजीच म्हणू लागली. नात्यानं हे सगळं चूक होतं, पण भाऊजींना पसंत होतं. "सगळे एकच हाक मारतात. बाहेरच्याला काही पत्ता लागत नाही," असं त्यांनी मला एकदा समाधानानं सांगितलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे ते मला मास्तर म्हणत. माझंही नाव त्यांनी कधी चारचौघांत उच्चारलं नाही.

भाऊजींची सगळी नोकरी नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात गेली. गावात त्याला नुसतं 'प्रेस' म्हणतात. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला जी बारीक भोकं असतात, ती पाडणाऱ्या मशीनवर भाऊजी होते. "मी नसतो तर लोकांनी तिकिटं दातांनी तोडली असती," असं ते अभिमानानं म्हणत. आता असल्या ठिकाणी सुट्टीचा भोंगा झाला की बाहेर पडताना कामगाराची झडती होणारच. दोन्ही हात वर करायचे, पाय फाकवून उभं राहायचं, पहाऱ्यावरच्या माणसानं काखेपासून घोट्यापर्यंत चाचपायचं, मग पुढे. तीस-बत्तीस वर्षं हे रोज. तुम्ही-आम्ही कंटाळलो असतो, भाऊजींच्या ते अंगी लागलं. कुठल्याही दारातून जाताना त्यांचे हात आपोआप वर जात. बँकेत जात, लग्नाच्या हॉलमध्ये जात; एकदा एका देवळाच्या उंबऱ्यावर गेले तेव्हा पुजाऱ्याला वाटलं माणूस भक्तीनं अगदी ओसंडतोय, आणि त्यानं भाऊजींना रांगेतून पुढे घेऊन वेगळा प्रसाद दिला. पुढे दोन हजार सालानंतर सिनेमागृहांच्या आणि मोठ्या दुकानांच्या दारांत तपासणी सुरू झाली तेव्हा सगळे वैतागले, भाऊजी तेवढे खूश झाले. "आता कुठे देश ताळ्यावर येतोय, मास्तर." मात्र झडतीचा दर्जा त्यांना मान्य नव्हता. एका सिनेमाला आम्ही सहकुटुंब गेलो असताना दारावरच्या गार्डनं त्यांच्या कमरेला नुसता हात लावून "जाओ चाचा" म्हटलं. भाऊजी हलेनात. "काख राहिली," ते म्हणाले. मागे पन्नास माणसं खोळंबली, पण काख झाल्याशिवाय ते आत गेले नाहीत. जाहिराती बुडाल्या म्हणून अक्का मध्यंतरापर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

या झडतीची एक घरगुती आवृत्तीही होती. भाऊजींची एकुलती एक मुलगी वैशाली लहान असताना, ड्यूटी संपवून ते जेलरोडच्या घरी आले की दारात हात वर करून उभे राहत. चार-पाच वर्षांची पोर धावत यायची, कमरेवर हात ठेवून दरडावायची, "हात वर! काय आणलंय?" मग स्टुलावर चढून ती त्यांच्या शर्टाचे खिसे, कॉलर, बाह्या सगळं तपासायची, आणि कुठे ना कुठे तिला लिमलेटची गोळी सापडायची. गोळीची जागा रोज वेगळी. कधी टोपीच्या घडीत, कधी मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली, आणि अगदी अवघड म्हणजे बंडीला आतून शिवलेल्या चोरखिशात. "प्रेसमधल्या पहारेकऱ्यांपेक्षा ही पोरगी हुशार," असं भाऊजी सांगत तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. मी तो पाहिला आहे, म्हणून मला पुढचं सगळं लिहावंसं वाटलं.

माहिती बाहेर जाऊ न देण्याचं भाऊजींचं शास्त्र फार खोल होतं. आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता ते कात्रीनं कापून काढत आणि आंघोळीच्या बंबात घालत. पोस्टकार्ड हा प्रकार तर त्यांना असभ्य वाटे. तिकिटांवर पोट भरलेला माणूस, पण "कार्ड टाकणं म्हणजे रस्त्यावर उभं राहून आंघोळ करणं," असं म्हणे. टेलिफोनवर कोणी तिसरा ऐकत असणारच, असं धरूनच ते बोलत. एका सकाळी त्यांचा फोन आला. "मी बोलतोय." मी म्हटलं, "बोला भाऊजी." "नाव नको. ते झालं." "काय झालं?" "ज्याची वाट बघत होतो ते. आत्ताच. तुम्ही दोघं या." आणि फोन ठेवला. अक्कांच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. आमच्या हिच्या डोळ्यांना धार लागली. मी शाळेत निरोप पाठवला, वाटेत हार घेतला, आणि रिक्षा करून आम्ही तडक जेलरोडला पोचलो. दार उघडलं तर सासूबाई स्वतः पलंगावर बसून पोहे खात होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या हाराकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. झालं होतं ते असं की दोन महिने रखडलेला गॅस सिलिंडर आला होता आणि भाऊजींनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. हार मी शेवटी देवाच्या फोटोला घातला.

पुढेपुढे दुकानादुकानांतून कुपनं भरून घेण्याचं खूळ आलं. नाव लिहा, फोन लिहा, जन्मतारीख लिहा, बक्षीस जिंका. "जन्मतारीख घेऊन काय औक्षण करणार आहेत का?" असं विचारून भाऊजी दुकानदाराला गप्प करत. अक्कांनी हट्टच धरला तर कुपन भरत, पण सगळं खोटं. त्यासाठी त्यांनी एक माणूसच तयार केला होता. पी. डिसोझा. या डिसोझांचं नाव त्यांना कुठून सुचलं देव जाणे, पण डिसोझा दर महिन्याला नवीन तारखेला जन्मत आणि कधी भगूरला, कधी नांदगावला राहत. एका दिवाळीला एका दुकानाच्या सोडतीत डिसोझांना मिक्सर लागला. फळ्यावर खडूनं नाव लिहिलं होतं. अक्का आनंदानं पुढे सरसावल्या, दुकानदारानं ओळखपत्र मागितलं, आणि भाऊजी मागच्या मागे निघून गेले. तो मिक्सर अक्का कधी विसरल्या नाहीत. पाट्यावर चटणी वाटताना त्या डिसोझांचा उद्धार करत. "मेल्यानं माझा मिक्सर खाल्ला."

आता एक गोष्ट सांगायची आहे, तिचा उल्लेख त्या घरात कधी होत नसे. वैशाली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एका संध्याकाळी भाऊजींनी तिची पर्स उघडली. का उघडली, कोणी काही कानात घातलं होतं का, मला ठाऊक नाही. आत एक पाकीट होतं, ते त्यांनी फोडलं आणि आतलं पत्र वाचलं. वर्गातल्या एका मुलाचं होतं. साधं, चांगलं पत्र होतं असं अक्का पुढे म्हणाल्या. वैशाली दारात उभी राहून पाहत होती. ती ओरडली नाही, रडली नाही. "बाबा, तुमची झडती घेतात तेव्हा तुम्हाला आधी हात वर करायला सांगतात," एवढंच म्हणाली. परीक्षा देऊन ती नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि त्याच मुलाशी तिथे लग्न करून मोकळी झाली. लग्नाला आई-वडिलांना बोलावणं नव्हतं. दर गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता तिचा फोन येई, तो फक्त अक्कांना. पावणेतीनला भाऊजी पायांत चपला सरकवत. अक्कांना वाटे, लेकीचं तोंड नको म्हणून जातात. मी एकदा धीर करून विचारलं तर ते म्हणाले, "दोन माणसं बोलत असताना तिसऱ्याचा कान घरात नको." पर्स उघडली त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्याच्या नावाचं काहीही उघडलं नाही. अक्कांच्या नावानं आलेली लग्नपत्रिकासुद्धा नाही. आठ वर्षं हे असंच चाललं, आणि आम्ही सगळे त्यांच्या गुप्ततेच्या वेडाला हसत राहिलो.

त्यांतली पाचेक वर्षं गेल्यावर नाशिकरोडला स्टेशनजवळ एक सायबर कॅफे निघाला. देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले एक सुभेदार तो चालवत. एके दिवशी भाऊजी माझ्याकडे आले आणि दार लावून घेऊन म्हणाले, "मास्तर, हे ई-मेल काय असतं ते मला सांगा. पण मी विचारलं असं कोणाला सांगू नका." मी सांगितलं. ते लक्षपूर्वक ऐकत होते. "तिकीट?" "लागत नाही." "शिक्का?" "नाही." "मग पाकीट कशानं चिकटवतात?" मी म्हटलं, "भाऊजी, पाकीटच नसतं." त्यांनी दार नीट लागलंय ना ते पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "प्रेसमध्ये झडती घेणारा समोर तरी दिसायचा. इथे कोण घेतो तेही कळत नाही." तरी ते शिकले. साठीच्या माणसानं एका बोटानं अक्षरं शोधत शिकणं सोपं नव्हतं. दर गुरुवारी तीन वाजता ते कोपऱ्यातलं मशीन धरत, पाठीमागे आपली काळी छत्री उघडत, तिचा दांडा मानेत अडकवत आणि तिच्या आड टाइप करायला बसत. पहिल्या दिवशी सुभेदार धावत आले. "साहेब, छत टपकत नाय हमारा." भाऊजी छत्रीच्या आतून म्हणाले, "माहीत आहे. लोकांचे डोळे टपकतात." काम संपलं की रुमालानं सगळी बटणं पुसत, छत्री मिटत आणि जाताना दारात हात वर करत. सुभेदार जुने फौजी, त्यांनी एकदाच पाहिलं आणि ओळखलं. पुढच्या गुरुवारपासून ते उठून भाऊजींची रीतसर झडती घेऊ लागले. काखेसकट घेत. या दोघांची मैत्री अशी जमली.

कोणाला लिहितात, हे मी कधी विचारलं नाही. ते काही सांगणारे नव्हतेच. फक्त बाहेर पडल्यावर कधी म्हणत, "उत्तर नाही." दुसऱ्या गुरुवारी पुन्हा, "उत्तर नाही." आवाजात तक्रार नसे, पण त्या दिवशी ते चहा घेत नसत. एकदा मात्र त्यांनी माझ्या हातात एक घडी घातलेली चिठ्ठी दिली. "जपा. तुम्ही विसरभोळे आहात म्हणून तुम्हाला देतोय. कुठे ठेवलंय ते तुम्हालाच आठवणार नाही, तर चोराला काय सापडणार." चिठ्ठीवर काही अक्षरं आणि आकडे होते, आणि कोपऱ्यात बारीक लिहिलं होतं: चारपैकी दोन. मी ती नकाशांच्या पुस्तकात दक्षिण अमेरिकेत ठेवली आणि त्यांच्या अपेक्षेप्रमाणे विसरून गेलो.

मग एका हिवाळ्यात भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डाव्या हाताच्या बोटानं खुंटीवरची जुनी बंडी मागितली. ती एकदा अंगात चढल्यावर कोणाला काढू देईनात. दिवसभर शांत पडून असत, पण गुरुवारी तीनचा सुमार झाला की त्यांची नुसती तगमग होई. कोपऱ्यातल्या छत्रीकडे बघत, उठायची धडपड करत, आणि डोळ्यांतून पाणी येई. फोनची घंटा वाजे, अक्का पलीकडे दबल्या आवाजात लेकीशी बोलत, आणि इकडे हे. मला राहवलं नाही. मी अक्कांना छत्रीची, सुभेदारांची आणि न आलेल्या उत्तराची सगळी हकीकत सांगितली. अक्का एकदम म्हणाल्या, "या वयात? कोण आहे ती?" मी म्हटलं, "अक्का, असेल कोणीही. उत्तर आलं असेल आणि यांना कळलंच नसेल तर?"

पण त्यांची ई-मेलची पेटी उघडायची तर खात्याची खूण आणि पासवर्ड हवा. तेव्हा मला दक्षिण अमेरिका आठवली. माझी चिठ्ठी पाहताच अक्का उठल्या आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण घेऊन आल्या. झाकणाला आतून तसलाच कागद चिकटवलेला. "हा गॅसचा नंबर म्हणून दिला होता मला. गॅसच्या नंबरावर चारपैकी एक कशाला लिहिलंय, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रेसमधल्या तिजोरीबद्दल भाऊजी नेहमी सांगत: तीन किल्ल्या, तीन साहेबांकडे, तिघं जमल्याशिवाय उघडायची नाही. दोन दिवसांनी भागाबाई समाचाराला आल्या. या पळसे गावाकडच्या. बाजारात फुलं घेऊन बसत, आणि भाऊजी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच शेवंती घेत. त्यांनी पानसुपारीची चंची सोडून एक मळकी चिठ्ठी पुढे केली. "बाबानं ठेवाया दिली व्हती. म्हनले, मला काय झालं तर घरी नेऊन दे." चारपैकी तीन. मी विचारलं, "हे काय आहे ते तुम्ही विचारलं नाही?" "म्या कशाला इचारू? लय सालं झाली, फुलं कुनासाठी नेतो ते बी इचारलं नाय." म्हणूनच त्यांची निवड झाली होती. चौथी चिठ्ठी मात्र कुठेच नव्हती. आम्ही कपाट उपसलं, गाद्या उलथ्या केल्या, बंबाची राखसुद्धा पाहिली. भाऊजी पलंगावरून बघत होते आणि सारखा डावा हात वर करत होते. अक्कांनी पाणी दिलं. मी उशी सरकवली. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचं असं होतं.

शेवटी अक्कांनी फोनवर लेकीला स्पष्ट सांगितलं की आता ये. वैशाली आली. दारात बॅग घेऊन उभी राहिली, आठ वर्षांनी, आणि आत पाऊल टाकायचं तिच्या जिवावर आलं होतं. भाऊजींनी तिला पाहिलं आणि डावा हात वर केला. उजवाही उचलायचा प्रयत्न केला, तो उचलेना. अक्का सवयीनं पाणी आणायला वळल्या. वैशाली म्हणाली, "आई, थांब. पाणी नाही मागत ते." तिनं बॅग खाली ठेवली, पलंगापाशी आली, त्यांचा निर्जीव उजवा हात स्वतःच्या हातानं अलगद वर उचलून धरला आणि म्हणाली, "हात वर. काय आणलंय?" आवाज दरडावणीचा काढायचा होता, तो काही निघाला नाही. तिनं कॉलर पाहिली, मनगट पाहिलं, आणि मग बंडीच्या आत हात घालून चोरखिसा शोधला. त्यात कागदाला चिकटलेली लिमलेटची एक गोळी होती. कागदावर लिहिलं होतं, चारपैकी चार. पुढे काय लिहिलं होतं ते मी इथे देणार नाही. भाऊजींना आवडलं नसतं.

भाऊजींजवळ आमच्या हिला बसवून त्याच दुपारी आम्ही कॅफेत गेलो. वैशाली, अक्का, मी आणि फुलांची पाटी दाराशी ठेवून भागाबाई. सुभेदारांनी कोपऱ्यातलं मशीन रिकामं करून दिलं. मी छत्री नेली होती, ती वैशालीच्या मागे उघडून धरली. आम्ही एकेक चिठ्ठी तिच्या पुढ्यात ठेवली आणि तोंडं फिरवली. पेटी उघडली. आम्ही वळून पाहिलं तर वर नाव होतं, पी. डिसोझा. "अगंबाई, हा तर मिक्सरवाला!" अक्का किंचाळल्या. मी हसलो, सुभेदार हसले. वैशाली हसली नाही. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "काका, हा माणूस मला ओळखीचा आहे. हा मला दोन-तीन वर्षं मेल पाठवतोय."

पाठवलेली सगळी पत्रं तिथे होती. दर गुरुवारचं एक, सगळी एकाच पत्त्यावर. हा पत्ता अक्कांनी फोनवर ऐकून कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिला होता आणि ते पान पुढे कोणीतरी फाडून नेलं होतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, आणि शत्रूच्या हाती पडलं तरी काही कळू नये अशी काळजी घेऊन लिहिलेली. वैशालीनं पहिलं मोठ्यानं वाचलं. "महोदया, पूर्वी एका प्रसंगी एक पाकीट आमच्या हातून उघडले गेले. ते आपले होते. आम्हांस अधिकार नव्हता. खेद आहे. उत्तर यावे. पी. डिसोझा." ती म्हणाली, "मला वाटलं, कोणीतरी भामटा आहे. पार्सल उघडलं म्हणतोय, आता बँकेचा नंबर मागणार. मी पुढची न वाचताच पुसत गेले." एका पत्रात होतं, "मागील पत्राचे उत्तर नाही. हरकत नाही. इकडे शेवंती चांगली आली आहे." आणि शेवटच्या काही पत्रांत तर डिसोझांचा संयम सुटला होता. "लहानपणी आपण आमची झडती घेत होता ती योग्य होती. आम्ही घेतली ती योग्य नव्हती." हे एक जरी तिनं उघडलं असतं तरी डिसोझा जागच्या जागी पकडला गेला असता. इतकी वर्षं माणूस माफी मागत होता आणि माफी कोण मागतंय तेवढंच लपवत होता. मला त्यांचा राग आला आणि तितकंच वाईट वाटलं. "अहो, नाव तरी लिहायचं, बाबा," वैशाली पडद्यालाच म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं.

तिनं तिथेच बसून उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. छत्री धरून मी पाठमोरा उभा होतो. लिहून झाल्यावर तिनं ते सुभेदारांच्या मशीनवर कागदावर काढून घेतलं, पोस्टातून एक पाकीट आणि एक तिकीट आणलं, पाकीट चिकटवलं, वर डिसोझांचं नाव घातलं आणि कोपऱ्यात तिकीट लावलं. घरी येऊन ते तिनं भाऊजींच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी नाव वाचलं. मग अंगठा तिकिटाच्या कडेवरून फिरवला, एकेक भोक तपासत असल्यासारखा. एका हातानं पाकीट उघडणं शक्य नव्हतं. त्यांनी ते उलट तिच्याकडे धरलं आणि मान हलवली. वैशालीनं विचारलं, "उघडू ना?" त्यांनी पुन्हा मान हलवली. आम्ही बाकीचे बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

भाऊजी त्यानंतर दीड वर्ष होते. वाचा परत आली नाही, पण गुरुवारी बंगलोरहून आलेलं पत्र मी कॅफेतून डोळे मिटून कागदावर काढून, पाकिटात घालून नेऊन देत असे, आणि तगमग राहिली नव्हती. ते गेल्यावर अक्कांनी चारही चिठ्ठ्या माझ्याकडे दिल्या. मध्यंतरी वैशाली मला म्हणाली, "काका, मी अजून लिहिते हं डिसोझांना. सवय झालीय." वापर नसला की असली खाती बंद करतात म्हणे, म्हणून महिन्यातून एकदा मी ते खातं उघडतो. आता घरातच कॉम्प्युटर आहे. मी मागे भाऊजींची छत्री उघडतो, दक्षिण अमेरिकेतून चिठ्ठ्या काढतो, पासवर्ड घालतो आणि काही न वाचता बाहेर पडतो. घरात छत्री कशाला, असं आमची ही विचारते. मी सांगत नाही. पत्रं माझी नाहीत, मी ती उघडणार नाही. पण न उघडलेल्या पत्रांचा आकडा वर कोपऱ्यात असतो, तो मान फिरवता फिरवता दिसतोच. दर महिन्याला तो चार-पाचानं वाढलेला असतो.